घरटं नंबर एक्केचाळीस

केंबांगसारी
रविवार क्लिवोन, २ जून

निंग,

फोनवर तू मला बंद केलंस, म्हणून हा कागद. टपालवाल्याला काही तू बंद करू शकत नाहीस. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, आणि वारापुढे पाच दिवसांचा बाजारवार लिहायची जुनी सवय, सोसून घे.

तुझा शेवटचा निरोप माझ्या फोनवर अजून तसाच आहे. तो फोटो, आणि खाली एवढंच, 'बाबा, ही गाठ कोणाची?' त्यानंतर वीस दिवस झाले. आई रोज विचारते, निंगचा फोन का लागत नाही. मी सांगतो, सेमारांगला पाऊस आहे, तारा पडल्या असतील.

आधी त्या फोटोचं बोलू. त्याला पहिलं बक्षीस मिळालंय म्हणे. फांदीवर ओळीनं तीन पिल्लं, तिन्ही चोची उघड्या, वरून वाकलेली आई, तिच्या चोचीत हिरवी अळी. आणि खाली काय लिहिलंय? 'प्रेंजाकचं सुखी कुटुंब'! मला शिसारी आली. हातभर लांब कॅमेरे घेऊन हिंडतात आणि पक्ष्याचं नाव ठाऊक नाही. प्रेंजाकच्या पंखावर दोन पांढऱ्या रेघा असतात, शेपूट लांब, पिसांची टोकं काळी-पांढरी. फोटोतल्या पाखराचं डोकं गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं, पाठ शेवाळासारखी, शेपूट वर उचललेली. हा चिनेनेन. आपला शिंपी. सहा वर्षांची असताना तू कुंपणावर बसून ओळखायचीस. प्रेंजाक दारात ओरडला तर पाहुणे येतात असं लोक मानतात. चिनेनेन ओरडला तर कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून बिचारा टिकून आहे.

आणि अक्कल बघ त्यांची. चिनेनेनचं घरटं म्हणजे पानाची शिवलेली पिशवी. आठ दिवसांची पिल्लं त्या पिशवीबाहेर कधी येतात का? उन्हात, उघड्या फांदीवर, रांगेत? परीक्षकांना हे कळू नये? थू.

फांदीवरच्या त्या गाठीचं म्हणशील तर सलाकच्या मळ्यात राहणारा प्रत्येक माणूस तशीच गाठ मारतो. मादीफुलावर नरफूल झटकायचं, वरून पान झाकायचं आणि केळीच्या सोपटाच्या धाग्यानं एक फेर, एक अडकण. अख्ख्या गावाचे हात तेच करतात. माझ्या एकट्याचे नव्हेत.

मी त्या लोकांना घरटं दाखवलं, हे खरं. दाखवण्यापलीकडे काही नाही.

सलाक यंदा गोड आहेत. पाठवू का?

तुझा बाप,
पार्जान


मंगळवार वागे, ११ जून

निंग,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझी आई सुद्धा रागावली की तीन दिवस बोलत नाही, पण भात वाढते. तू तेही करत नाहीस.

मग सगळं सांगतोच, म्हणजे तुझ्या मनात भलतंसलतं राहायला नको.

मार्चमध्ये कुस्वांतो आला. आपल्या खालच्या आळीतला, ज्यानं म्हशी विकून फोटोवाल्यांसाठी झापाचे आडोसे बांधलेत तो. म्हणाला, "काका, जोगजाहून मोठी माणसं येतायत. दातांचे डॉक्टर आहेत, हेंद्रावान म्हणून. नुसतं लांबून बघतील." मी म्हटलं, "लांबूनच बघायचं तर घरी बसून बघा की." तो हसला. "तुमच्याइतकं घरट्यातलं कोणाला कळतं, काका? मी तर त्यांना सांगून बसलोय."

नऊ तारखेला सातजण आले. तुझी आई तेव्हा धाकट्या मावशीकडे लग्नाच्या स्वयंपाकाला गेली होती, दोन दिवसांसाठी. बरं झालं नव्हती. निंग, त्या माणसांची किळस कशी सांगू तुला? एकानं आईची मिरचीची रोपं तुडवली आणि खाली बघितलंसुद्धा नाही. एक सारखा खाकरून थुंकत होता. एकानं फोनवर चिनेनेनचा आवाज लावला, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. आपला नर वेडा झाला. कोण हा दुसरा माझ्या हद्दीत शिरला म्हणून झाडाझाडावर आपटत सुटला. ते हसत होते. "बघा बघा, कसा चिडलाय!" हिरव्या-करड्या कपड्यांत, टोप्यांना पानं लावलेली सात मोठी माणसं, वाटीएवढ्या घरट्यासमोर पोट टेकून पडलेली. मला वाटलं यांच्या बायकांना बोलवून दाखवावं.

घरटं तुला माहीत आहे, तुझ्या यादीतलं नंबर एक्केचाळीस, स्वयंपाकघरामागच्या हळदीतलं. दोन पानांच्या कडा कोळ्याच्या धाग्यानं शिवलेल्या, आत आईच्या फाटक्या उशीतली सावर. आईला केवढा अभिमान होता त्याचा! शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे भाडेकरू आलेत, गादी माझी आहे."

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आत फार अंधार आहे. पान जरासं सरकवता येईल?" कुस्वांतोनं एक पान कापलं. एकच. मी ओरडलो त्याच्यावर. मग त्यांनी काय केलं, कसं केलं, मी चहा ठेवायला आत गेलो होतो. परत आलो तेव्हा पिल्लं फांदीवर होती. मी ताबडतोब ती पुन्हा घरट्यात ठेवली. त्यांची पाखरू-आई परत आली आणि तिनं त्यांना भरवलं. ह्याच डोळ्यांनी पाहिलं मी. तुझ्या प्रबंधासाठी मी ठेवतो त्या वहीत नोंद आहे, पंधरा मार्चला तिन्ही उडाली.

झालं समाधान?

बाप


सोमवार पाहिंग, २४ जून

निंग,

तुझं पाकीट मिळालं. वाटलं होतं पत्र असेल. माझीच दोन पत्रं तू परत पाठवलीस आणि त्यावर लाल शाईचे दोन गोल. शाळेत मास्तर करायचे तसे. एक गोल 'आठ दिवसांची' ह्यावर. दुसरा 'ह्याच डोळ्यांनी' ह्यावर.

फोटोवरून पिल्लांचं वय मला कसं कळलं, असंच ना?

बरं.

पान कुस्वांतोनं कापलं नाही. मी कापलं. आधी नखानं शिवण उसवली, एकेक टाका. उसवताना कौतुकही वाटत होतं, काय बारीक काम आहे म्हणून. मग सात तोंडं मागून म्हणाली, "वा, गुरुजी!" निंग, मला जन्मात कोणी गुरुजी म्हटलेलं नाही. तूसुद्धा पुस्तक उघडून माझी नावं सुधारतेस. "बाबा, ह्याला असं म्हणत नाहीत." आणि तिथे दातांचे डॉक्टर, सरकारी कचेरीतले साहेब, टोप्या काढून विचारत होते, "गुरुजी, आता काय करायचं?" मी आणखी एक पान कापलं.

एकाच्या खिशात गोंदाची नळी होती. पिल्लांची पावलं फांदीला चिकटवायची म्हणे, सगळीकडे असंच करतात. मी म्हटलं, "गोंदानं कातडी सोलून निघेल, राक्षसांनो. द्या इकडे." आणि कॉफीची एक फांदी तोडून उन्हात रोवली. केळीच्या सोपटाचा धागा चिरून पातळ केला. तिन्ही पिल्लांचे पाय बांधले. एक फेर, एक अडकण. माझी गाठ. त्यांना वाचवतोय असं तेव्हा मला वाटत होतं. हे लिहिताना हात धुवावेसे वाटतायत.

सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत. पिसं फुटायला नुकती लागलेली, अंगावर नुसते काटे, आणि मार्चचं ऊन. त्यांची आई ओरडत गोल फिरत होती, आणि तरी अळ्या आणत होती. काय करेल? तोंडं उघडी दिसली की तिला भरवावंच लागतं. तोच तो फोटो. सुखी कुटुंब. मधल्याची मान पडली तर डॉक्टर म्हणाले, "हे झोपलं की काय?" एकानं बाटलीतलं पाणी शिंपडलं. मान वर झाली. सगळ्यांनी पटापट फोटो काढले.

नंतर ओसरीत बसून त्यांनी माझ्याच घरातली तळलेली केळी खाल्ली. हात न धुता. मीही त्यांच्याबरोबर खाल्ली.

ते गेल्यावर मी गाठी सोडल्या. मधल्याचा एक पाय सरळ झाला नाही. घरट्यात ठेवली तर पिशवी उघडीच. आईचा सुईदोरा आणला आणि पान शिवायला बसलो. एवढं एवढं पाखरू चोचीनं करतं ते मला सुईनं जमेना. पान चिरत गेलं. शेवटी लाल मुंग्या आल्या. सकाळी पाहिलं तर

तुला समजलं. पुढे लिहवत नाही. मुंग्या काय करतात ते तू पाहिलेलं आहेस. मी ते सगळं फावड्यानं उचलून सलाकच्या मळ्यातल्या खड्ड्यात टाकलं. पाखराची मादी आणखी दोन दिवस हळदीवर येत राहिली, चोचीत अळी घेऊन. तुझ्या आईनं घरी आल्यावर विचारलं, "ही अशी का फिरते हो?" मी म्हटलं, "पिल्लं मोठी झाली, बाहेर पडायला शिकवतेय." मग पंधरा तारखेला वहीत लिहिलं, तिन्ही उडाली. आई म्हणाली, "माझ्या उशीवर वाढलेली पोरं!" आणि शेजारी गोड भात वाटून आली.

तू विचारलंस म्हणून सांगितलं. विचारलं नसतंस तर सांगितलं नसतं. तेही लिहून ठेवतो.

पार्जान


शनिवार पोन, २० जुलै

निंग,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

बक्षिसाच्या फोटोंचं प्रदर्शन होतं जोगजाला. डॉक्टरांनी गाडी पाठवली. माझा सत्कार करायचा होता. 'पक्षीमित्र' असं कोरलेली काचेची पाटी. आईनं माझा बाटिकचा शर्ट इस्त्री केला, काळी टोपी झटकून दिली. "नीट बोला," म्हणाली, "तिथे खाकरू नका." कुस्वांतो बरोबर होता, अत्तर लावून. त्याच्या आडोशांना आता सेमारांगपासून गिऱ्हाईक येतं.

भिंतीएवढा मोठा केला होता तो फोटो. त्या आकारात गाठ चांगली ठळक दिसते, निंग. फांदीवर एखाद्या सुतळीसारखी. दोनशे माणसं त्यासमोरून गेली, बायका मुलांना उचलून दाखवत होत्या. एकालाही दिसली नाही. की दिसली आणि काही वाटलं नाही, कोण जाणे.

मला माईक दिला. मी म्हणालो, "हा प्रेंजाक नाही, चिनेनेन आहे." लोक हसले. मी म्हणालो, "ही पिल्लं बसलेली नाहीत, बांधलेली आहेत. मी बांधली. ती गाठ बघा. दुसऱ्या दिवशी तिन्ही मेली. ह्या फोटोतलं खरं एवढंच आहे की ती आई घाबरलेली आहे."

मला वाटलं आता कोणीतरी चप्पल फेकेल. फेकावी अशी इच्छा होती. सूत्रसंचालन करणारी मुलगी हसून म्हणाली, "आपल्या गुरुजींचं मन किती हळवं आहे! जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पाटी हातात दिली, फोटो काढला, कानात म्हणाले, "म्हातारपणी माणूस असं बोलून जातो, चालायचंच."

बक्षीस परत घेतलं नाही कोणी. खाण्याच्या टेबलाशी मी एकटा उभा होतो. एक गृहस्थ जवळ आले, चांगले सभ्य, तुझ्या मामाच्या वयाचे. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "काका, तो धागा कशाचा वापरलात? आमच्या गोंदानं पाय खराब दिसतात."

मी पाटी तिथेच त्या वड्यांच्या ताटात ठेवली आणि बसनं घरी आलो.

कुस्वांतो दुसऱ्या दिवशी आला. वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "काका, उगीच नाटक केलंत, पण फायदाच झाला. चौघांचे फोन आले. तुम्ही नुसतं शिकवा, बांधायचं काम आमचं." मी हातातला कोयता खाली ठेवला, हातात राहिला असता तर बरं नव्हतं. म्हटलं, "माझ्या कुंपणाच्या आत पाय टाकलास तर तुझेच पाय बांधून उन्हात ठेवीन." तो म्हणाला, "आता सुचतंय का हे?" त्याचं खरं होतं.

तुझ्या आईला सत्कार छान झाला एवढंच मी सांगितलं. पाटी कुठे विचारलं, तर गाडीत राहिली म्हणालो.

पार्जान


सेमारांग
३० जुलै

बाबा,

तुम्ही व्यासपीठावर बोललात त्याचा व्हिडिओ एका मैत्रिणीनं मला पाठवला. तीनदा पाहिलं. शेवटच्या टाळ्या ऐकून मी फोन पालथा ठेवला.

माझ्या प्रबंधात सहाव्या तक्त्यात ती तीन पिल्लं उडालेली आहेत. मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे जाऊन सांगितलं की एक्केचाळीस नंबरची नोंद खोटी आहे, आणि ती माझ्या वडिलांनी केलेली आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "मग बाकीच्या बासष्ट घरट्यांचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून तुमचं बोट धरून हिंडलेय मी.

सोबत यादी आहे. प्रत्येक घरट्यासमोर एकच शब्द लिहा. 'पाहिलं' किंवा 'नाही'. मला पंधरा ऑगस्टच्या आत हवी आहे. त्यानंतर प्रबंध जाईल किंवा परत येईल.

माफी लिहू नका. ती मी वाचणार नाही.

निंग्रुम


केंबांगसारी
सोमवार लेगी, १२ ऑगस्ट

निंग,

यादी सोबत आहे. आठ दिवस घेतले, कारण प्रत्येक घरट्यापाशी जाऊन उभा राहिलो. जिथे झाड आहे तिथे झाडापाशी, जिथे नाही तिथे जागेपाशी. त्या दिवशी मी इथे आलो होतो का, हे जागा बरोबर सांगते. वही सांगत नाही.

त्रेसष्टपैकी चव्वेचाळीस पाहिलं. एकोणीस नाही.

एकोणीसपैकी बरीचशी पावसाची. गुडघा दुखत होता, ओसरीत विडी ओढत बसलो आणि लिहिलं, 'अंडी दोन, ठीक.' तीन वेळा कुस्वांतोकडे पत्ते खेळत होतो. एकदा टीव्हीवर सामना होता. तू म्हणशील, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. ह्याहून मोठं कारण असतं तर मलाच जरा बरं वाटलं असतं.

नंबर सात आणि नंबर आठ ही वेगळी आहेत. ती घरटीच नव्हती. पहिल्या वर्षी तुला त्या महिन्यात फार कमी घरटी सापडली होती. तू फोनवर रडलीस की बाबा, एवढ्यावर मॅडम मला पुढे जाऊ देणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तुला दोन घरटी सापडल्याचं कळवलं. तुझा आवाज असा खुलला की मी ती दोन घरटी दीड महिना वहीत वाढवली. अंडी घातली, उबवली, एकाची पिल्लं उडवली, एकाची सापाला दिली, म्हणजे खरं वाटावं. ते करताना मला मजा आली होती, हेही खरं. एक्केचाळीस नंबरला वहीत पिल्लं उडवताना मी अडलो नाही, तो ह्याच सवयीनं.

प्रबंध जाईल की राहील ते मला कळत नाही. जाणार असेल तर माझ्यामुळे गेला असं मॅडमना सांग. लेखी हवं असेल तर देतो, गावच्या मुखियासमोर सही करून.

टपालानं हे पंधरा तारखेच्या आत पोचणार नाही. तुझी आई नाहीतरी तुला भेटायला यायचं म्हणत होती, दोन दिवस. म्हटलं तिच्या हाती द्यावं. पण बंद पाकीट तिच्या हाती द्यायला जीव धजेना. पाच महिने तिला बंद पाकीटच दिलंय. म्हणून आज पहाटे तिला म्हटलं, "आधी वाच, मग ने." हे, आणि तू परत पाठवलेली ती दोन वाचायला दिली, आणि नंतरच्या दोन पत्रांत काय लिहिलं होतं ते तोंडी सांगितलं. सगळं. मुंग्यांसकट.

ती चुलीपाशी उभ्यानंच वाचत होती. भाताला खाली लागल्याचा वास सुटला तरी हलली नाही. मीच भांडं उतरवलं.

मग विचारलं, "तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि मी गोड भात वाटत हिंडले, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"ओसरीत."

"तुम्हीही खाल्लात."

"खाल्ला."

ओरडली असती तर मी खाली मान घालून ऐकलं असतं, तयारी केली होती. तिनं भात वाढला नाही, स्वतःही घेतला नाही. आत जाऊन पिशवी भरायला लागली. दारातून मला दिसतंय. चार सारोंग, दोन चोळ्या, औषधाच्या गोळ्या सगळ्या, महिन्याच्या. दोन दिवसांना एवढं लागत नाही.

हे शेवटचं मी घाईनं लिहितोय, ती चपला घालतेय. बस सातची आहे. मी विचारलं, "स्टॉपपर्यंत पिशवी आणू का?"

म्हणाली, "हात लावू नका."